शिवेपार टाकलेली गाठ

भातसानगरच्या क्वार्टरमधल्या संडासाचं भांडं पांढरं होतं, म्हणून आमच्या घरात शिरलेलं दुखणं मला दिसलं. ह्यांच्या गावाला, डोळखांबच्या आतल्या अंगाला, ते दिसलं नसतं. तिथे सगळे उजाडायच्या आत टमरेल घेऊन ओढ्याकडे जायचे. कोणाला काय होतंय ते ज्याचं त्याला ठाऊक, आणि पुष्कळदा त्यालाही नाही. हे धरणावर दरवाजांच्या कामाला होते, म्हणून आम्हाला दोन खोल्या, नळाचं पाणी आणि ते पांढरं भांडं मिळालं होतं. एके सकाळी हे कामावर गेल्यावर मी आत गेले, तर कडेला रक्ताचे ओघळ. वरून पाणी ओतलेलं होतं, पण नीट ओतलेलं नव्हतं.

माझं माहेर टोकावड्याचं. वडिलांचा माळशेजच्या रस्त्यावर छोटा ढाबा होता. एसटी थांबली की उतारूंचा गलका व्हायचा, त्यात आपलं म्हणणं ऐकू जायचं तर आवाज चढवावाच लागे. सासरची माणसं उलट, हळू बोलणारी आणि अर्धं पोटात ठेवणारी. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला वाटायचं, ह्या घरात कोणाला काही म्हणायचंच नसतं.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा ताट वाढायच्या आधीच मी विचारलं, ‘रक्त कधीपासून जातंय?’

‘कसला रक्त?’

‘माझं डोकं. भांड्यात दिसलं ते.’

हे खाली बघून म्हणाले, ‘मूळव्याध आसंल. उष्णतेनं होते. सगळ्यांना असते.’

मग वर्षभर मूळव्याधीचे उपाय चालले. शहापूरच्या बाजारात पाटी लावून बसणाऱ्या वैद्याच्या पुड्या, ताक, सुरण, काटेसावरीची साल. रक्त थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. ह्यांचा चेहरा पिठासारखा झाला. धरणाच्या पायऱ्या धावत चढणारा माणूस मध्येच कठड्याला टेकून उभा राहायला लागला, तेव्हा मी ह्यांना शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे पुढे घालून नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की मूळव्याधीचं इथे काही नाही, रक्त वरून कुठून तरी येतंय. कल्याणच्या सर्जनने पोट उघडावं लागेल असं सांगितलं आणि हे दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी ऑफिसातल्या कोणीतरी सुचवलं म्हणून आम्ही मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

तिथले डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगणारे होते. आधी आतड्यात दुर्बीण घालून बघू म्हणाले. त्यासाठी आतडं धुतल्यासारखं स्वच्छ हवं. आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं आणि त्यांनी दिलेलं औषध पाण्यात घालून तांब्यामागून तांब्या प्यायचं. आता पातळ म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्याकडे त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. सासूबाई मुद्दाम गावाहून क्वार्टरवर येऊन राहिल्या होत्या. त्यांनी लेकाला दिवसभर नाचणीची आंबील पाजली. तोंडाने पिता येते म्हणजे पातळच. अशक्तपणावर आमच्याकडे दुसरं देतात तरी काय.

दुसऱ्या दिवशी ह्यांना आत नेलं आणि थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकांवर माणसं खच्चून बसली होती. त्या सगळ्यांदेखत ते मला म्हणाले, ‘काय खायला घातलंत ह्यांना? आत सगळा काळा चिखल आहे. काही दिसत नाही. पुढच्या आठवड्यात परत या.’ ते वैतागले होते, वाईट माणूस नव्हते. पण बाकावर दोघे-तिघे हसले. मागे दारात हे उभे होते, एका हाताने तो हॉस्पिटलचा झगा पाठीमागून घट्ट धरून. त्यांनी ते सगळं ऐकलं. परतीच्या लोकलमधून आसनगावला उतरेपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र बोलले, आणि सगळं सासूबाईंच्या आंबिलीवर बोलले.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः पेजेचं निवळ पाणी गाळून गाळून दिलं. या वेळी दुर्बीण नीट गेली आणि गाठ सापडली. डॉक्टर तिला पॉलिप म्हणत. मोठ्या लिंबाएवढी होती, आणि देठावर लोंबणारी नव्हती, बुडाशी पसरलेली होती. त्यांनी कागदावर आतड्याची नळी काढली, तिच्या भिंतीवर उंचवटा काढला आणि सांगितलं, ‘पोट कापायची गरज नाही असं मला वाटतं. उंचवट्याच्या खाली सुईने पाणी सोडतो, म्हणजे तो भिंतीपासून वर उचलला जातो. मग तारेचा फास टाकून, विजेने, तुकड्या-तुकड्यांनी काढून घेतो. सगळं दुर्बिणीतूनच.’

ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला. पोट कापायचं नाही, एवढंच त्यांना ऐकू आलं असावं.

ते काम झालं. दोन-तीन तास मी बाहेर बसले होते. ह्यांना गुंगीचं औषध दिलं होतं तरी पुरतं झोपवलेलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. शिकणारी मुलंमुली आत-बाहेर करत होती. मोठी गाठ दुर्बिणीतून काढणं तेव्हा बघण्यासारखं काम होतं, म्हणून शेजारच्या खोलीतूनही डोकावून जात होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलं शिकणार नाहीत तर पुढे डॉक्टर कुठून येणार, असं मी शेजारच्या बाईला म्हटल्याचंसुद्धा आठवतं.

तुकडे तपासायला गेले आणि कॅन्सर नाही असं आलं. गाठ त्या वाटेवर होती, पण कॅन्सर झाला नव्हता. मी तिथेच रडले. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि जे सांगितलं ते मी पुढे इतक्यांदा मनात घोळवलं की मला ते तोंडपाठ आहे. ‘गाठ निघाली. पुष्कळांचं एवढ्यावर संपतं. पण इतकी मोठी गाठ तुकड्यांनी काढली की कधीकधी कडेला एखादी कणी राहते आणि ती परत उगवते. तुमचं कोणतं, हे बघितल्याशिवाय कळणार नाही. काही महिन्यांनी परत दुर्बीण घालू. काही उगवलं असेल तर लहान असेल, तिथल्या तिथे जाळून टाकू. म्हणजे अर्धं काम आज झालं, अर्धं तेव्हा.’ मग ह्यांच्याकडे बघून, ‘येणार ना?’

हे म्हणाले, ‘येणार की.’

गावाला गेलो तर घर माणसांनी भरलं. आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला येतात तेव्हा टाके बघायला येतात. ह्यांनी सदरा वर केला. पोट कोरं. एक म्हातारा वाकून वाकून बघत म्हणाला, ‘काय रे, कापलं कुठं? का नुसता मुंबई बघून आला?’ सगळे हसले. कोणीतरी विचारलं, मग काढला कुठनं? यावर जो हशा झाला तो मी सांगत नाही. हेही हसले. पण नंतर कोणी आलं की हे गोठ्याकडे निघून जायचे.

सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘केवढी होती गो ती गाठ?’ मी बोटांनी दाखवली. त्यांना खरं तर ती गाठच हवी होती. हॉस्पिटलने ठेवून घेतली हे त्यांना पटलं नव्हतं. अंगातलं काढलेलं दुखणं असं परक्याच्या कपाटात कसं ठेवायचं? त्यांनी शिजवलेल्या भाताचा तेवढाच गोळा वळला, त्याला हळद-कुंकू लावलं, ह्यांच्यावरून उतरवला आणि संध्याकाळी गावाच्या शिवेपार नेऊन टाकला. परतताना मागे वळून बघायचं नाही हा नेम. बघितलं तर टाकलेलं पायापायाने घरी येतं. त्यांनी अंगणात पाय धुतले आणि म्हणाल्या, ‘गेली. आता तिच्याकडं बघायचं नाय.’ मी तेव्हा हसले होते. गाठ तर निघालीच आहे, उताऱ्याने कोणाचं काय बिघडतंय, असं मला वाटलं.

परत दुर्बीण घालून बघायची वेळ आली तेव्हा गावाला भाताची लावणी चालू होती, म्हणून मी गप्प बसले. लावणी झाली. मी म्हटलं, आता जाऊन येऊ. हे म्हणाले, ‘आई नाय म्हणते.’

‘कशाला नाही म्हणतात?’

‘उतारा टाकलाय ना. शिवेपार टाकलेल्याकडं परत बघायचा नसतो. तुला नाय कळायचा.’

हा माणूस धरणाचे दरवाजे विजेच्या मोटरने उघडत होता आणि मला हे सांगत होता! मी भांडले. क्वार्टरच्या भिंती पातळ, सगळ्या चाळीला कळलं की आमच्याकडे काहीतरी पेटलंय. मी डॉक्टरांचं वाक्य ऐकवलं, अर्धं काम राहिलंय म्हटलं. हे म्हणायचे, रक्त थांबलंय, वजन वाढलंय, पायऱ्या चढतो, मग काय बघायचंय? आणि शेवटी तेच, आई नाय म्हणते.

मी तडक गावाला गेले. सासूबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, ‘आई, तुम्ही ह्यांना तपासणीला जाऊ नका म्हणालात?’ त्यांनी वर बघितलं, परत खाली बघितलं. म्हणाल्या, ‘मला काय विचारतेस. त्याला विचार.’ मी परत विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. त्या सोलत राहिल्या. मला तो हट्ट वाटला. दगडाला पाझर फुटेल पण ह्या बाईला नाही, असं म्हणून मी जेवणही न करता परत फिरले.

अशी दीड-दोन वर्षं गेली. मधल्या काळात मी अधूनमधून विषय काढायचे, आणि हे इतके बरे दिसायचे की माझाच जोर कमी व्हायचा. ठणठणीत माणसाला हॉस्पिटलात ओढून न्यायला वेगळीच ताकद लागते. मग पांढऱ्या भांड्यात परत रक्त दिसलं. या वेळी पोटातही दुखत होतं.

तेच हॉस्पिटल, तेच डॉक्टर. कपाळावरचे केस थोडे कमी झाले होते. दुर्बिणीतून गाठ काढलेली जागा दिसली. जवळजवळ सगळीकडे साफ, पांढरट वण बसलेला. फक्त एका कडेला उगवलं होतं, आणि ते आता मऊ नव्हतं, टणक होतं. पुढच्या तपासण्यांत कळलं की मुळं भिंतीतून पार गेली होती आणि यकृतावरही ठिपके होते. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, ‘तेव्हा आला असतात तर तारेचं एका बैठकीचं काम होतं हो.’ त्यांचा आवाज चिडका नव्हता. चिडका असता तर मला सोपं गेलं असतं, मी उलट बोलले असते.

मग पोट कापावंच लागलं. आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावली. औषधं दिली, त्यांनी केस गेले, आजार गेला नाही. हे गावाला जाऊ म्हणाले. पिशवी दिवसातून कितीदा तरी साफ करावी लागायची. तिला हे मला हात लावू देईनात. सासूबाईंना देत. पडद्याआड त्या दोघांचं हळू आवाजात काहीतरी चालायचं आणि मी बाहेर पाणी तापवत बसायचे. लग्नाची बायको असून मी परकी आणि जिने ही वेळ आणली ती जवळची, असं मला वाटायचं, आणि आतून जळायचं.

एका दुपारी ते तोंडातून निघालंच. सासूबाई बादली घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या. मी अंगणात त्यांना आडवी जाऊन म्हटलं, ‘तुमच्या त्या शिवेनं खाल्लं ह्यांना. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आले असते तर जगले असते. ऐकलंत?’ त्या थांबल्या. बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘ऐकला,’ म्हणाल्या आणि पाण्याला गेल्या. भात पोटरीला आलं होतं तेव्हा हे गेले.

क्वार्टर सोडावी लागली. मी गावालाच राहिले, सासूबाईंबरोबर एकाच घरात. आमचं बोलणं कामापुरतं: मीठ संपलंय, गाय दूध देईना. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की हे घराण्यात असू शकतं, भावानेही एकदा दुर्बीण घालून घ्यावी. माझे धाकटे दीर शहापूरला जीप चालवायचे. मी त्यांना वर्षातून दोन-तीनदा तरी सांगायचे. ते बघू म्हणायचे, जाऊ म्हणायचे, सीझन संपू दे म्हणायचे.

मग एकदा ते सुट्टीला घरी आले होते आणि बसल्या जागी चुळबुळ करत होते. मी खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं की त्यांनाही रक्त दिसलंय, थोडंसंच. मी म्हटलं, ‘भावजी, उद्याच निघायचं. मी येते.’

ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाले, ‘वहिनी, मी गेलो असतो हो. पण आईला नाय पटत. दादाच्या वेळी बघितलं ना तुमी.’

मी सासूबाईंकडे वळले. इतक्या वर्षांचं सगळं माझ्या तोंडात आलं होतं. पण त्या आधीच उठून उभ्या राहिल्या होत्या. इतक्या मोठ्याने बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

‘मी नाय म्हणाली? कदी म्हणाली रे मी तुला? बोल ना.’

दीर बसल्या बसल्या मागे सरकले.

‘थोरलापण असाच माझ्या पदराआड बसला. त्याला मी बोलली व्हती, जा, बघून ये, उताऱ्याचा काय ते मी देवाला सांगते. परत नारळ फोडते. तर माझे पाय धरून बोलला, आई, ती नळी परत नको. सगळ्यांच्या समोर उघडा करून पाडतात, पोरीपण बघतात, बाहेरची हसतात. तू नाय म्हणतेस असं सांग तिला. ती तुला बोलंल, मला नाय बोलायची.’ त्यांचा श्वास लागला होता. ‘पोरगा पाय धरतो तर मी काय करू? मी गप बसली. ही बोलली, ते ऐकून घेतला. तो गेला तरी गप बसली. पण तुझ्यासाठी नाय बसायची. तुला लाज वाटते तर लाज वाटते सांग. माझं नाव घेऊ नको.’

दीर उठून बाहेर गेले. आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. थोड्या वेळाने त्यांनी चूल पेटवायला घेतली आणि मी तांदूळ निवडायला बसले.

पुढच्या आठवड्यात दीर माझ्याबरोबर मुंबईला आले. दोन गाठी निघाल्या, लहान. दुर्बिणीतूनच काढल्या, आणि पुढची तपासणीही त्यांनी चुकवली नाही. सासूबाईंनी या वेळी भाताचा गोळा वळला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘सगळा बघून झाला की मग टाकू.’

त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला. गेला म्हणजे तो ह्यांच्याकडे गेला आणि तिथेच राहिलाय. पितृपक्षात ह्यांचं पान ठेवते तेव्हा सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, आणि मी मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडते. अहो, मला सांगायचं होतंत. नुसतं लाज वाटते एवढं म्हणायचं होतंत. मी आत आले असते, त्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले असते, आणि एकालाही डोकावू दिलं नसतं.